तीन एकर द्राक्षबाग आणि शुक्रवारचा सूर्यास्त : तासगाव तालुक्यातल्या एका घराचा शब्बाथ

तासगाव तालुक्यातलं एक ख्रिस्ती शेतकरी घर. तीन एकर द्राक्षबाग, दोन गाई, एक सालगडी जोडपं, दोन भावांत मिळून एक विहीर. आजोबांपासून सगळे रविवारच्या उपासनेला जाणारे. धाकट्या भावानं पवित्र शास्त्राचा अभ्यास करता करता सातव्या दिवसाचा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंतचा विसाव्याचा दिवस, पाळायचं ठरवलं. थोरला भाऊ आणि आई रविवारीच राहिले. पाडव्यापासून पुढची दोन वर्षं त्या घरात काय काय बसवावं लागलं, कुठे गाडी अडली आणि का अडली, याचा हा अभ्यास. घराची ओळख पटू नये म्हणून गाव आणि नावं दिलेली नाहीत.

शब्बाथाचा विषय निघाला की बहुतेक वाद ‘वार कोणता’ इथेच अडकतो. या घरातही पहिले तीन महिने तोच वाद चालला. खरं दुखणं मात्र वेगळ्याच ठिकाणी होतं आणि ते दाखवून दिलं घरातल्या एकमेव बिगरख्रिस्ती माणसानं, सालगड्यानं.

वाराचा वाद

आधी वाराचं. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. दहा आज्ञांतली चौथी आज्ञा (निर्गम २०:८-११) सातवा दिवस सांगते, आणि तो उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात, म्हणजे यहुदी लोक अस्तित्वात येण्याच्याही आधी पवित्र केलेला आहे. येशू शब्बाथ दिवशी सभास्थानात जात असे. त्याला वधस्तंभावरून उतरवल्यावर स्त्रियांनीसुद्धा सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथाला विसावा घेतला (लूक २३:५६). थोरल्याचं म्हणणं असं, की प्रभू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, त्रोवस नगरात शिष्य पहिल्या दिवशी भाकर मोडायला जमले (प्रेषितांची कृत्ये २०:७), आणि सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये, असं प्रेषित पौलानंच लिहून ठेवलं आहे (कलस्सै २:१६).

या एका वचनाचे तीन अर्थ लावले जातात. रविवार पाळणारे म्हणतात, यात साप्ताहिक शब्बाथही आला, म्हणून त्याचं बंधन सुटलं. सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट (शनिवारी शब्बाथ पाळणारा ख्रिस्ती पंथ) म्हणतात, इथले शब्बाथ म्हणजे लेवीय २३ मधले वार्षिक सणांचे विसाव्याचे दिवस. साप्ताहिक शब्बाथाला हे लागू नाही. सणही पाळणारे गट वचन उलट बाजूनं वाचतात : तुम्ही हे दिवस पाळता म्हणून बाहेरच्यांनी तुमचा न्याय करू नये. हे तीन अर्थ समोर न ठेवता कलस्सैचं वचन एकमेकांवर फेकलं, की भांडण होतं, चर्चा होत नाही. या घरात तेच झालं.

थोरल्याला एक गोष्ट माहीत नव्हती. सांगली-मिरज-कोल्हापूर भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशननं ज्या परंपरेतून मंडळ्या उभ्या केल्या, तिचा वेस्टमिन्स्टर विश्वासअंगीकार (१६४६), म्हणजे शिकवणीचा लेखी मसुदा, चौथी आज्ञा रद्द झाली असं म्हणतच नाही. पुनरुत्थानापासून शब्बाथ पहिल्या दिवशी आला आणि त्या दिवशी गरजेची व दयेची कामं सोडून बाकी सगळी कामं थांबवावीत, असं तो सांगतो. म्हणजे थोरल्याच्याही मंडळीची मूळ शिकवण पूर्ण दिवस विसाव्याची होती. दीड तासाची उपासना करून बागेत परत जाण्याची नव्हती. हे कळल्यावर दोघांच्या बोलण्याचा सूर बदलला. वार वेगळा राहिला, पण ‘दिवस कसा पाळायचा’ हा प्रश्न दोघांचा झाला.

सहा वाजता की सूर्य बुडाल्यावर

सुरुवातीला धाकट्यानं शुक्रवारी संध्याकाळी सहा ते शनिवारी संध्याकाळी सहा असं बांधून घेतलं. घड्याळाला सोपं, पण शास्त्राला धरून नाही. लेवीय २३:३२ मध्ये ‘संध्याकाळपासून संध्याकाळपर्यंत’ आहे (ते प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल असलं तरी मोजण्याची रीत तीच), आणि मार्क १:३२ मध्ये शब्बाथाचा सूर्य मावळल्यावरच लोक आजाऱ्यांना घेऊन आले. अॅडव्हेंटिस्टांच्या आरंभीच्या मंडळींतही सहा वाजताचाच प्रघात होता. १८५५ मध्ये त्यांच्यातलेच अभ्यासक जे. एन. अँड्र्यूज यांनी वचनं काढून दाखवली आणि सूर्यास्त हा नियम झाला.

आपल्याकडे फरक किती पडतो? सांगलीला नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या चार-पाच मिनिटं आधीच बुडतो. जुलैच्या सुरुवातीला सात वाजून दहा मिनिटांच्या आसपास. म्हणजे सहाचा नियम धरला, तर हिवाळ्यात शुक्रवारची पाच मिनिटं हातची जातात आणि पावसाळ्यात शनिवारी सत्तर मिनिटं आधीच काम सुरू होतं. ही दुसरी चूक जास्त जाणवते, कारण शनिवारी संध्याकाळी माणूस बागेकडं जायला उतावीळ झालेला असतो. घरानं शेवटी ठरवलं : भिंतीवरच्या कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ पाहायची, पण कॅलेंडर मुंबईचं असेल तर ती तशीच घ्यायची नाही, सांगलीचा सूर्यास्त वेगळा. शुक्रवारी पंधरा मिनिटं आधी हात धुवायचे.

शुक्रवारचा पसारा

शुभवर्तमानात शुक्रवारला ‘तयारीचा दिवस’ म्हटलं आहे. शब्बाथ मोडतो तो शनिवारी दिसतो, पण त्याची गडबड शुक्रवारी दुपारीच झालेली असते. सिलिंडर संपत आलेला, पेंड आणलेली नाही, ट्रॅक्टरमध्ये डिझेल नाही, पोरांचे शाळेचे कपडे दोरीवर ओले. या घरात शुक्रवारची यादी दोन भागांत झाली : गुरुवारी रात्रीपर्यंतची (दळण, पेंड, डिझेल, बाजार) आणि शुक्रवारी चारपर्यंतची (वैरण तोडून गोठ्याशी, पाण्याची टाकी भरून, स्वयंपाक).

स्वयंपाकाला निर्गम १६:२३ चा आधार घेतला : भाजायचं ते भाजून ठेवा, शिजवायचं ते शिजवून ठेवा. ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, म्हणून दुधातल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. एप्रिल-मे महिन्यात रात्रीची आमटी सकाळी आंबते; त्या दोन महिन्यांत कोरडंच ठेवलं. निर्गम ३५:३ घरात विस्तव पेटवू नये म्हणतं. काही जण ते अक्षरशः घेतात, काही जण ते निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) बांधकामाच्या आज्ञांच्या तोंडाशी आलं असल्यानं कामाच्या भट्टीपुरतं धरतात. घरानं चहा आणि अन्न गरम करण्यापुरता गॅस ठेवला, नवा स्वयंपाक नाही. वृद्ध आईला सकाळी गार दशमी घशाखाली उतरत नाही, हे त्यामागचं खरं कारण, आणि आमच्या मते ते पुरेसं कारण आहे.

शनिवारी सकाळची शाळा असते. मुलगा सहावीत, त्याची गैरहजेरी वर्गशिक्षकांना चिठ्ठी देऊन भागली. मुलगी दहावीत. तिला विचारूनच ठरलं, की नेहमीचा शनिवार सोडायचा, पण बोर्डाचा पेपर शनिवारी आलाच तर निर्णय तिचा. त्या वर्षी तिचा पेपर शनिवारी आला नाही.

गोठ्याचं दूध

गाईला वार कळत नाही. सड भरले की दूध काढावंच लागतं, नाहीतर कास सुजते. बैलाला किंवा गाढवाला सोडून पाण्यावर नेण्याची गोष्ट येशूनं स्वतः काढली (लूक १३:१५), त्यामुळे धार काढण्याबद्दल शंका नव्हती. प्रश्न डेअरीला घालण्याचा होता, कारण तो व्यवहार. यरुशलेमेचा अधिकारी नहेम्या यानं शब्बाथापूर्वी यरुशलेमेच्या वेशी बंद केल्या होत्या त्या विक्रीमुळेच (नहेम्या १३:१५-२२).

शनिवारी सकाळचं दूध विकायचं नाही असं ठरलं. दोन्ही गाईंचं मिळून सहा-सात लिटर. दोन लिटर सालगड्याच्या घरी, थोडं शेजारी, बाकीचं विरजण. संध्याकाळी मात्र घोटाळा झाला. जुलैमध्ये सूर्यास्तानंतर धार काढायची म्हणून गाई तासभर थांबवल्या. आठवड्याभरात एकीच्या सडात गाठी लागल्या. धारेची वेळ हलवायची नसते. मग रीत अशी बसली, की धार नेहमीच्या वेळी काढायची, कॅन झाकून हौदातल्या पाण्यात उभा ठेवायचा आणि सूर्य बुडाला की केंद्रावर न्यायचा. हिवाळ्यात हा प्रश्न येतच नाही.

सालगडी

आता ज्या ठिकाणी हे घर खरोखर चुकलं ते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फळछाटणी झाली. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावावी लागते. छाटणी शुक्रवारी संपली आणि पेस्ट शनिवारी सकाळी आली. धाकट्यानं सालगड्याला सांगितलं, “तू आणि वहिनी मिळून लावून घ्या, मी उपासनेला बसतो.” पुढे कोवळ्या फुटीवर असताना एका शुक्रवारी रात्री पाऊस आला. फुटीला आणि घडाला पावसानंतर डावणीचा (बुरशीच्या रोगाचा) धोका सगळ्यात जास्त, काही तासांत संरक्षण मिळालं नाही तर घड जातात. शनिवारी सकाळी परत तेच : “ब्लोअर घेऊन फिरून ये.” असं करता करता चार शनिवार झाले. घर विसाव्यात, बाग चालू.

पाचव्या शनिवारी सालगडी औषधाचा हात धुऊन ओट्यापाशी आला आणि म्हणाला, “मालक, सुट्टी तुमच्या देवानं दिलीय म्हणता. मग ती तुमच्याच घरच्यांना कशी?” शनिवार त्याचा मारुतीचा वार, त्याचा उपास असतो, आणि उपाशीपोटी तो फवारणी करत होता.

धाकट्यानं त्या रात्री आज्ञा पुन्हा काढली. निर्गम २०:१० मध्ये काम न करणाऱ्यांची यादी सात जणांची आहे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरं आणि तुझ्या वेशीच्या आतला परका. अनुवाद ५:१४ तर कारणही देतो : तुझ्याप्रमाणेच तुझ्या दासाला आणि दासीला विसावा मिळावा. लगेच पुढच्या वचनात आठवण आहे, की तूही मिसरात दास होतास. मालकानं हात थांबवून तेच काम गड्याच्या हातात दिलं, तर आज्ञेतला निम्मा मजकूर गाळला जातो. तो गडी ख्रिस्ती नाही म्हणून त्याला लागू नाही, ही पळवाट ‘परका’ या एका शब्दानं बंद केलेली आहे.

या यादीत बायकोचं नाव नाही. ‘तू’मध्ये ती आली असं भाष्यकार मानतात आणि ते बरोबरच आहे, पण घरात काय होत होतं पाहा. शनिवारची संगती, म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्या घरांची एकत्र उपासना, याच घरी भरायची, पंधरा-सोळा माणसं. शुक्रवारी पहाटे चारला उठून तिनं सगळ्यांचं करायचं आणि शनिवारी वाढायचं, उष्टी काढायची. विसावा घ्यायला येणाऱ्या सगळ्यांचं ओझं एका बाईवर. ही गोष्ट सालगड्याच्या बोलण्यानंतरच कुणाच्या लक्षात आली. ती स्वतः सहा महिने काही बोलली नव्हती.

बदल असे झाले. पाडव्याला साल नव्यानं ठरतं, तेव्हा करारात घातलं : शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार सूर्यास्तापर्यंत जोडप्याला सुट्टी, पैसे न कापता. संगतीला प्रत्येक घरानं आपापला डबा आणायचा. भांडी सूर्यास्तानंतर पुरुषांनी घासायची. आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं : शनिवारी काही आणीबाणी आलीच, तर मालक स्वतः जाईल, गड्याला पाठवणार नाही. ही अट घातल्यावर आणीबाण्या एकदम कमी झाल्या. आपल्याला जायचं असलं की माणूस खरी गरज आणि घाई यांतला फरक ओळखतो.

विहिरीत पडलेल्या बैलाचं उदाहरण (लूक १४:५) सगळेच देतात. पण बैल अचानक पडतो. पेस्टची तारीख आपण ठरवतो. निर्गम ३४:२१ मुद्दाम सांगतं, की नांगरणीच्या आणि कापणीच्या दिवसांतही सातव्या दिवशी थांबायचं. म्हणजे हंगामाची घाई ही सबब धरलेलीच नाही. दुसऱ्या वर्षी छाटणी सोमवारी सुरू करून बुधवारी संपवली, पेस्ट गुरुवारी. मणी तीन-चार मिलिमीटरचे झाल्यावर जीएचं (जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणं, करायचं असतं. त्यात दोन-तीन दिवसांचा अवकाश असतो, तो आधीच हेरून शुक्रवारपूर्वी उरकलं. डावणीसाठी हवामानाचा अंदाज पाहून शुक्रवारी दुपारीच संरक्षक फवारणी घेतली. शनिवारी पाऊस आलाच, तर थांबायचं : ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्यास्त सहा वाजून सात-आठ मिनिटांनी, त्यानंतर ट्रॅक्टरचे दिवे लावून ब्लोअरनं तीन एकर दीड-दोन तासांत होतात. त्या वर्षी एका शनिवारी दिवसभर झड लागली आणि बांधाकडच्या काही ओळींत घडांवर डावणी आलीच. तोटा झाला. तो झाला नाही असं दाखवण्यात अर्थ नाही. शब्बाथ पाळल्यानं बाग वाचते अशी हमी पवित्र शास्त्रात कुठेही दिलेली नाही.

तोडीचंही तसंच. फेब्रुवारीत व्यापारी आपल्या टोळीच्या सोयीनं दिवस ठरवतो. सौदा करतानाच, इसार घेण्याआधी, शनिवारी तोड नाही हे सांगितलं. एकानं पाठ फिरवली. दुसऱ्यानं चार किलोच्या पेटीमागे पाच रुपये कमी देऊन मान्य केलं. इसार घेतल्यावर सांगितलं असतं तर ती फसवणूक झाली असती, आणि पहिल्या वर्षी नेमकं तसंच झालं होतं.

सणांचा प्रश्न

दुसऱ्या वर्षी संगतीतल्या एका घरानं लेवीय २३ मधले सणही पाळायचा आग्रह धरला : वल्हांडण (मिसरातून सुटकेच्या आठवणीचा सण), बेखमीर भाकरीचे सात दिवस, पन्नासावा दिवस, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस, मांडवांचा सण. अॅडव्हेंटिस्ट हे पाळत नाहीत. ते ख्रिस्तात पूर्ण झालेले छायारूप विधी मानतात. अमेरिकन उपदेशक हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांच्या शिकवणीतून निघालेले गट पाळतात.

पाळायचं म्हटलं की पहिला अडथळा तारखेचा. मराठी माणसाला हे समजणं सोपं जावं, कारण यहुदी पंचांगही चांद्र-सौर आहे. आपण अधिक मास धरतो, ते १९ वर्षांत सात वेळा जादा अदार महिना धरतात. म्हणून वल्हांडण बहुधा चैत्री पौर्णिमेच्या आसपास आणि मांडवांचा सण कोजागिरीच्या आसपास येतो. पण दोन्ही पंचांगांचे अधिक महिने एकाच वर्षी पडत नाहीत. २०२३ मध्ये आपल्याकडे अधिक श्रावण आला, तेव्हा मांडवांचा सण २९ सप्टेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला आणि कोजागिरी २८ ऑक्टोबरला. नुसती आपली कोजागिरीची पौर्णिमा पाहून सण धरणारे त्या वर्षी महिनाभर चुकले असते.

बेखमीर आठवड्याचं स्वयंपाकघरातलं रूप आपल्याकडे हलकं आहे, कारण भाकरी आणि चपाती बिनखमिराचीच. काढायचं ते पाव, टोस्ट, खारी, आंबवलेलं पीठ. यहुदी धर्मशास्त्रात खमिराचा नियम गहू, सातू अशा पाच धान्यांना लागतो. ज्वारी त्यात नाही. सोड्याच्या बिस्किटांवर मात्र संगतीत दोन तास वाद झाला. खमीर म्हणजे आंबवण, सोडा म्हणजे क्षार. आमच्या मते ती दोन वेगळी आहेत, पण ज्याचं मन खात नाही त्यानं सात दिवस बिस्कीट सोडल्यानं काही बिघडत नाही.

मराठी बोलत हे दिवस पाळणारी माणसं महाराष्ट्राला नवीन नाहीत, हेही या घराला सांगावं लागलं. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहुदी, तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या सणांची नावं मराठीच आहेत : वर्षारंभाचा नव्याचा सण, दारं लावून उपास करण्याचा दारफाळणीचा सण, वल्हांडणाला अनशी ढाकाचा, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकण्याचा सण. घाणा हे त्यांचं पोट होतं, आणि तो बंद ठेवल्यावरूनच गावानं त्यांना ओळखलं. धाकट्याला ही गोष्ट सणांच्या यादीपेक्षा जास्त लागली. घरानं सण विधी म्हणून घेतले नाहीत. वल्हांडणाच्या रात्री निर्गमाचा बारावा अध्याय वाचायचा, एवढंच ठेवलं.

विहिरीची पाळी

राहिलं पाणी. विहीर सामाईक, दोघा भावांची पाळी वारावर ठरलेली आणि शनिवार धाकट्याकडे. पहिल्या वर्षी त्यानं मोटरीला ऑटो स्विच लावून शुक्रवारीच ठिबक सुरू ठेवलं. काम यंत्र करतं, माणूस नाही, या हिशेबानं. त्या वेळी शेतीची थ्री-फेज लाइन आठवड्याला दिवसा-रात्री बदलायची, मोटर ट्रिप झाली की कुणाला तरी विहिरीवर जावंच लागायचं, आणि जाणारा पुन्हा सालगडीच असायचा. सुट्टीचा करार झाल्यावर ते बंद झालं, पण बागेचं एक पाणी हुकायला लागलं.

मार्ग थोरल्यानं काढला. त्याच्याकडे रविवारची पाळी होती आणि वेस्टमिन्स्टरचं प्रकरण ऐकल्यापासून रविवारी मोटर सुरू करताना त्याचाही हात अडखळत होता. “तुझा शनवार मला दे, माझा ऐतवार तू घे,” तो म्हणाला. आई मध्ये बसली होती. तिनं फक्त विचारलं, की रविवारी उपासनेच्या वेळेला मोटरीचा आवाज घरापर्यंत येणार नाही ना. म्हणून धाकटा रविवारी दुपारी बारानंतर मोटर सुरू करतो. मोटरघराच्या भिंतीवर पाळीचे वार खडूनं लिहिलेले होते. त्यातले दोन पुसून अदलाबदल करून लिहिले आहेत. पावसानं खडू पुसट होतो, तेव्हा सालगडी ते पुन्हा गिरवतो.